बुधवारचा खाडा

हात कोपर आणि मनगट यांच्या मधोमध वाकला होता, जिथे कुणाचाच हात वाकत नाही.

शाळेची हजेरी संगणकावर भरणाऱ्या हजेरीबाईला तो दिसला एका चिठ्ठीमुळे. सोमवारचे पावणेअकरा झाले होते. शाळेच्या कार्यालयाला उशिरा येणाऱ्या मुलांसाठी एक खिडकी होती. बाहेरून लाकडी फळी, आतून वरून खाली ओढायचं लोखंडी शटर. फळीवर सातवीतली एक मुलगी उशिराची चिठ्ठी भरत होती आणि कागद सारखा सरकत होता. दुसऱ्या कुणी डाव्या हाताने दाबून धरला असता. हिने हनुवटी टेकवली.

"डावा हात घरी विसरलीस की काय, खारूताई?" हजेरीबाई म्हणाली.

पेन्सिलींची टोकं कुरतडते म्हणून त्या मुलीला पहिलीपासून सगळे खारूताई म्हणत. एरवी एका टोमण्याला दोन परत करणारी पोर. आज तिने मान वर केली नाही. डावी बाही बोटांच्याही पुढे ओढलेली होती, आणि बाहेर तर स्वेटर घालण्यासारखी थंडीही नव्हती.

हजेरीबाई बाहेर आली, गुडघ्यांवर बसली आणि दोन बोटांनी ती बाही वर केली.  हात काळानिळा, कडेने पिवळा पडत चाललेला. दंडावर पट्ट्याच्या बक्कलाचे चौकोनी ठसे होते, एकावर एक, टपालाचे शिक्के मारावेत तसे.

"कधी झालं हे?"

"बुधवारी."

"कुणी केलं?"

 मुलगी खिडकीतून आतल्या संगणकाकडे बघत होती. मग हळूच, तक्रारीचा सूर न लावता, म्हणाली, "बाई, बुधवारी तिसरा दिवस होता. मी तुमची वाट बघत होते."

 तिसरा दिवस म्हणजे काय, हे हजेरीबाईइतकं त्या शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

जिल्ह्याचा नियमच तसा होता. एखाद्या मुलाचे सलग तीन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी त्याचं नाव संगणकावर लाल व्हायचं. आणि नाव लाल झालं की त्याच दिवशी दुपारी तीनच्या आत शाळेतल्या दोघांनी त्या घरी जायचं, मूल डोळ्यांनी बघायचं आणि सही आणायची. याला घरभेट म्हणत. दांडीबहाद्दरांना हा नियम पाढ्यासारखा पाठ होता. दोन मारायच्या, तिसरीला यायचं.

दर शुक्रवारी जिल्हा कार्यालय शाळांची यादी काढायचं, कुणाची किती नावं लाल झाली त्याची. या शाळेच्या नावापुढे पावणेतीन वर्षं शून्य होतं. मोठ्या सरांच्या खोलीत त्या शून्याचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, काचेच्या चौकटीत.

आता शाळा म्हटली की मुलं आजारी पडणार, गावाला जाणार, दांड्या मारणार. मग शून्य यायचं कुठून? ते यायचं सकाळी दहा पंचवीसला. साडेदहाला आकडे जिल्ह्याला जात. त्याआधी पाच मिनिटं हजेरीबाई तिसऱ्या खाड्याची मुलं शोधायची आणि त्यांच्यापुढे त्या एका दिवसाची 'हजर' टाकायची. याला कार्यालयात 'साखळी तोडणं' म्हणत. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मोठे सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले होते, "ताई, तेवढ्या साखळ्या तोडून टाका." पंखा बंद करा म्हणावं, इतक्या सहज.

ती आधी बिचकली होती. मग एकदा खरोखरच घरभेटीला गेली. दार उघडणाऱ्या माणसाने पातेलंभर उकळतं पाणी फेकलं. ते चौकटीवर आदळलं आणि सोबतच्या शिपाईमामांच्या पायावर सांडलं. पायाची सालटी निघाली. हजेरीबाईला तेव्हा सातवा महिना होता. पोटावर दोन्ही हात धरून ती रस्त्यावरून पळत सुटली, आणि त्या दिवसापासून साखळ्या तोडा असं तिला कुणाला सांगावं लागलं नाही.

गेल्या बुधवारी पाच साखळ्या होत्या. कानाशी पाळणाघराचा फोन होता, भुंगीला खोकला होता. भुंगी म्हणजे तिची अडीच वर्षांची मुलगी, दिवसभर गुणगुणते म्हणून भुंगी. "कफ सुटलाय का? छाती वाजतेय का?" असं विचारता विचारता तिने बोटाने पाच वेळा टिचकी मारली होती. पाचातली एक खारूताई.

आजाऱ्यांच्या खोलीत खाटेवर बसून मुलीने सगळं सांगितलं. रडली नाही. पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणत गेली.

तिची आई चार महिन्यांपूर्वी घरातून निघून गेली होती. गेली म्हणजे जीव वाचवून गेली. ती कुठे राहते ते मुलीला माहीत होतं, बापाला नव्हतं. रविवारी बापाच्या ध्यानात आलं की पोरीला माहीत आहे. त्याने तिला मागच्या खोलीत कोंडलं. सोमवारी पट्ट्याने मारलं, मंगळवारी मारलं. मुलीने ओठ मिटून घेतले. तिचा हिशोब सरळ होता. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवारी शाळेतून येतात. तोवर दात आवळून बसायचं.

"बुधवारी साडेदहाला बाबांचा फोन वाजला," ती म्हणाली. "मेसेज होता. 'आपला पाल्य आज शाळेत हजर आहे.' त्यांना आधी कळलंच नाही. मग इतके हसले, इतके हसले की खाली बसले. मला दाखवला. म्हणाले, बघ, तू तर शाळेत आहेस. मग इथे कोण आहे? इथे कोणीच नाही."

हजेरीबाईने खाटेची कड घट्ट धरली. 'हजर' टाकलं की पालकाला आपोआप मेसेज जातो, हे तिला माहीत होतं. तो कुणी कुठे उभं राहून वाचत असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"मग त्यांनी माझा हात खाटेच्या दांडीवर ठेवला आणि वर पाय दिला."

"मग सांगितलंस तू?"

"नाही." मुलीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "आज सांगेन बहुतेक. संध्याकाळी परत विचारणार म्हणालेत. आज शाळेत जा म्हणाले, नाहीतर नाव लाल होईल. बाई, दुसऱ्या हाताने लिहिते ना मी."

हजेरीबाईने बालसुरक्षा कार्यालयाला फोन लावला. पण तिच्या आधी दोन मिनिटं, पलीकडच्या खोलीतून, मोठ्या सरांनी मुलीच्या बापाला फोन लावलेला होता. पालकाला विश्वासात घ्यायला हवं, असं सरांचं म्हणणं होतं.

बाप वेल्डर होता. आला तो धुतलेला शर्ट घालून, भांग पाडून. बोटांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. व्हरांड्यात हजेरीबाई समोर दिसली तसा थांबला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "नमस्कार मॅडम. तुम्ही हजेरी लावता ना? फार मन लावून काम करता. आम्हाला रोज मेसेज येतो."

ती बाजूला झाली.

"तुमची पण एक आहे ना? पलीकडच्या पाळणाघरात? पिवळी टोपी?" तो आवाज न चढवता बोलत होता. "फाटकाशी उभी असते. येता-जाता दिसते मला. सारखी काहीतरी गुणगुणते. गोड आहे पोरगी."

आणि तो पुढे गेला.  हजेरीबाईने मामांना धावत पाळणाघरात पाठवलं. दार आतून लावून घ्या म्हणावं, मी आल्याशिवाय भुंगीला कुणाच्याही हाती देऊ नका. मामा गेले आणि धापा टाकत परत आले. "खेळतेय. टोपीसुद्धा काढली नाही तिने. तू श्वास घे आधी, पोरी."

एक वाजता बालसुरक्षा कार्यालयाच्या अधिकारी बाई आल्या, सोबत एक परिचारिका. परिचारिकेने हात पाहिला, हाड मोडलंय म्हणाली, चार-पाच दिवसांपूर्वीचं. बापाने दारातून नुसतं आत डोकावलं आणि खारूताई म्हणाली, "पडले मी." पुढे तिच्या तोंडून शब्द निघेना.

मग सगळे मोठ्या सरांच्या खोलीत बसले. शून्याच्या प्रमाणपत्राखाली वेल्डर पाय जुळवून बसला होता, मुलाखतीला आल्यासारखा.

"सोमवार-मंगळवार ताप होता," तो म्हणाला. "बुधवारी बरी होती, शाळेत पाठवली. घरी आली ती हात धरून. शाळेत जिन्यावरून पडली म्हणाली. मला वाटलं मुरगळलाय, लेप लावला, दोन दिवस घरी ठेवली. आता तुम्ही मला विचारताय? शाळेला विचारा! पोर इथे पडते आणि कुणाला पत्ता नाही?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. त्याने फोन काढून टेबलावर ठेवला. बुधवार, साडेदहा. आपला पाल्य आज शाळेत हजर आहे.

"दंडावरचे वळ?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मुलं मारामाऱ्या करतात मॅडम. शाळा आहे."

अधिकारी बाई सरांकडे वळल्या. "बुधवारी मुलगी शाळेत होती का? मला एवढंच सांगा."

 होती म्हणावं तर मुलगी शाळेत पडली, नव्हती म्हणावं तर हजेरी खोटी. इकडे आड, तिकडे विहीर. सरांनी त्यातल्या त्यात उथळ विहीर निवडली. "रेकॉर्डप्रमाणे हजर आहे. जाता-येता रस्त्यात पडली असेल. आम्ही रेकॉर्डवर चालतो."

"मग माझाही नाइलाज आहे," अधिकारी बाई कागद आवरत म्हणाल्या. "मुलगी तोंड उघडत नाही. रेकॉर्ड वडिलांच्या बाजूने आहे. आज तिला घरी पाठवावं लागेल. चौकशी चालू राहील."

"चालू द्या की," वेल्डर म्हणाला. आणि टेबलावरचा फोन उचलता उचलता तो गुणगुणायला लागला. बडबडगीत नव्हे, गाणं नव्हे, नुसतं भुंग्यासारखं, एका सुरात, मध्येच चढणारं. हजेरीबाईच्या पोरीचा सूर. तिच्याकडे न बघता.

ती रोज रात्री त्या सुरावर झोपायची. तो त्या तोंडातून ऐकताना तिला आधी वाटलं, आपण आता गप्प बसू. दुसऱ्याच क्षणी तिला खाटेची दांडी दिसली, आणि तिच्यावर हात होता तो अडीच वर्षांचा.

"ती नव्हती शाळेत," हजेरीबाई म्हणाली. "बुधवारी ती नव्हती. मी खोटी हजेरी लावली."

"ताई!" सर उठलेच.

"पाच जणांची लावली. पावणेतीन वर्षं लावतेय. वर्गशिक्षिकेच्या कागदी हजेरीपटात तिचा खाडा आहे, शाईने. आणते मी."

ती निघाली ती पळतच. कार्यालयात शिरली, कपाट उघडलं, सातवीचा हजेरीपट काढला. मागे दार बंद झालं आणि कडी लागल्याचा आवाज आला.

"इकडे द्या," वेल्डर म्हणाला. आता आवाजात मॅडम नव्हतं.

तिने हजेरीपट छातीशी धरला. त्याने तिचे केस धरून डोकं कपाटाच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त आलं, तोंडात त्याची चव. बाहेरून मामा दारावर धडका देत होते, अधिकारी बाई ओरडत होत्या. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली आणि ती खुर्चीवर पडली, खुर्चीसकट भिंतीवर. पडली ती खिडकीखाली. हजेरीपट सोडला नव्हता. लहान मुलाला आगीतून बाहेर द्यावं तसा तिने तो खिडकीतून फळीवर ढकलला.

त्याने वरचं शटर दोन्ही हातांनी खाली खेचलं.

काटक्या मोडाव्यात तसा आवाज झाला. तिची चार बोटं शटर आणि फळी यांच्यामध्ये होती. ती किंचाळली, पण हात मागे घेता येत नव्हता, कारण वेल्डर शटरवर सगळा भार टाकून उभा होता आणि तिच्या कानाशी म्हणत होता, "लिही आता. लाव हजेरी. लाव."

कडी तुटली. मामांच्या हातात शाळेची घंटा वाजवायचा टोल होता, वीतभर लांब, जाड लोखंड. पायावर तो जुना पांढरा भाजल्याचा डाग असलेला हा साठीचा माणूस आत आला आणि त्याने वेल्डरच्या गुडघ्यावर टोल घातला. वेल्डर वाकला. दुसरा घाव मनगटावर बसला. तिसऱ्यासाठी मामांनी हात उचलला तेव्हा अधिकारी बाईंनी तो मागून धरला. "पुरे, मामा! मरेल तो!"

"मग?" मामा म्हणाले. पण टोल खाली ठेवला.

सरांनी शटर वर उचललं. हजेरीबाईने हात ओढून घेतला आणि बोटांकडे बघितलं नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं. फळीवरून पडलेला हजेरीपट व्हरांड्यातून खारूताईने उचलला होता. तो मोठा होता, एका हातात मावेना. तिने वरची कड हनुवटीने दाबून धरली होती आणि तशीच, ताठ मानेने, ती अधिकारी बाईंची वाट बघत उभी होती.

वीस मिनिटांत पोलीस आले. वेल्डर लंगडत, शिव्या देत गेला. जाताना त्याने दाराची काच डोक्याने फोडली. खारूताई अधिकारी बाईंसोबत आधी इस्पितळात, मग आईकडे जाणार होती. आईचा पत्ता तिने बाईंच्या कानात सांगितला. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी कानातच. निघताना ती खिडकीशी थांबली.

"बाई, तुमचा उजवा आहे."

"हो गं."

"डाव्याने लिहायला चार दिवस लागतात. मग जमतं," खारूताई म्हणाली. बिचारीचा उजवा शाबूत होता, तरी तिने तेही करून बघितलं असावं. आधीच्या कुठल्यातरी मारात उजवा दुखावला होता तेव्हा.

परिचारिकेने हजेरीबाईची बोटं लाकडी पट्टीला बांधली, कपाळाला कापूस लावला, लगेच इस्पितळात चला म्हणाली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. जुनी नोंद दुरुस्त करायची मुदत रोज तीनपर्यंत.

हजेरीबाई संगणकापुढे बसली. डाव्या हाताच्या एका बोटाने गेला बुधवार उघडला. खारूताईच्या नावापुढे 'गैरहजर' केलं. संगणकाने विचारलं, बदलाचं कारण? तिने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी खोटं लिहिलं होतं.'

कोपऱ्यात, सांडलेल्या कागदांत, काहीतरी वाजलं. वेल्डरचा फोन तिथेच पडला होता, काच तडकलेली. पडदा उजळला. आपला पाल्य बुधवारी शाळेत गैरहजर होता.

मामांनी फोन रुमालात गुंडाळला. पोलिसांना द्यायचा होता.

"ताई," सर दारातून म्हणाले. ते इतका वेळ तिथेच उभे होते. "बाकीच्या चौघांचंही करताय?"

"पाचही."

"नोकरी जाईल. तुमची आणि माझीही."

"जाईल सर."

ते आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली. ते तसेच आपल्या खोलीत गेले आणि भिंतीवरून चौकट उतरवल्याचा आवाज आला, का ते त्यांचं त्यांना ठाऊक.

चौघांपैकी दोघं आज वर्गात होती. तिने दारात उभं राहून दोघांना डोळ्यांनी बघितलं. एकाच्या गालगुंडाचा गळपट्टा अजून सुटला नव्हता. दुसरी तिला बघून जीभ दाखवून हसली. उरले दोन. दोघांचेही खाडे बुधवारनंतरही चालूच होते, आणि आता बुधवारची आणि आज सकाळची 'हजर' निघाल्यावर दोन्ही नावं लालभडक झाली होती. घरभेट, आज, तीनच्या आत.

"आधी इस्पितळ," मामा म्हणाले.

"वाटेतच आहे."

"पोरी, तुझ्या अंगात उभं राहायचं त्राण नाही."

"म्हणून तुम्हाला नेतेय ना बरोबर. टोल घ्या."

"घेतला," मामा म्हणाले. खरंच घेतला होता, पिशवीत.

पाळणाघरापाशी ती क्षणभर थांबली. आत गेली नाही, रक्ताने माखलेला कुर्ता होता अंगावर. खिडकीच्या काचेतून पिवळी टोपी दिसली. काच बंद होती म्हणून गुणगुणणं ऐकू आलं नाही. ती तिथे उभी राहिली असती तर निघालीच नसती, म्हणून निघाली.

पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तिसरीतला मुलगा, सहा खाडे. तिने डाव्या हाताने दार वाजवलं. आत काहीतरी जड फरशीवर पडलं आणि मग एकदम सगळं गप्प झालं. दारामागे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं.

मामा तिच्या पुढे सरकले. तिने त्यांना कोपराने बाजूला केलं.

"शाळेतून आलोय," ती मोठ्याने म्हणाली. "मुलाला बघितल्याशिवाय जाणार नाही." आणि तिने पुन्हा वाजवलं.